लाल रोजमेळ: गोव्याच्या दमट हवेत माणसांबद्दल लिहिण्यासाठी

गोव्यात रोजनिशी लिहायची असेल आणि तिच्यात मुख्यतः माणसं येणार असतील, तर दुकानात डायरी मागू नका, रोजमेळ मागा. लाल कापडी पुठ्ठ्याची, खाने आखलेली, हिशेबाची ती जाड वही. पणजीत अठरा जून रस्त्याच्या परिसरात, म्हापशाच्या बाजारात, मडगावात, फोंड्यात, डिचोलीत, जिथे पावतीपुस्तकं, शाळेच्या वह्या आणि कार्बन पेपर विकतात तिथे विचारा. भेटवस्तूंच्या दुकानात वेळ घालवू नका. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या दिवसांत व्यापारी नव्या वह्या घेतात, तेव्हा माल ताजा असतो आणि पाऊसही सरलेला असतो. वहीची जाडी क्वायरमध्ये सांगतात. क्वायर म्हणजे मूळ हिशेबाने २४ ताव, दुमडल्यावर ९६ पृष्ठं. पण कारखान्यागणिक हा आकडा बदलतो, म्हणून पुठ्ठ्याच्या आत छापलेली पृष्ठसंख्या बघूनच पैसे द्यावेत.

आता ही वहीच का, ते नीट सांगायला हवं.

रोजमेळात समोरासमोरची दोन पानं ही एक जोडी असते. डावं पान जमेचं, म्हणजे आलेल्या पैशांचं, उजवं नावेचं, म्हणजे गेलेल्या पैशांचं. दोन्ही पानांवर तारीख, तपशील, खाते पान (खातेवहीतल्या पानाचा क्रमांक) आणि रक्कम असे खाने, आणि रकमेत पुन्हा रुपये-पैसे अशी दोन घरं. आखणी झाली व्यापाऱ्यासाठी, पण मैत्रीची नोंद ठेवायला इतकी सोयीची आखणी आम्ही दुसऱ्या कुठल्याही डायरीत पाहिली नाही. त्या दिवशी जे घडलं ते त्याच दिवशी उजव्या पानावर लिहायचं, म्हणजे मित्राच्या नावे टाकायचं. समोरचं डावं पान कोरं ठेवायचं. नंतर त्याच प्रसंगाबद्दल जे कळेल, आठवेल, उमजेल ते त्या ओळीसमोर डावीकडे तारीख घालून जमा करायचं.

एक नमुना घ्या. उजवीकडे: ‘चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. आला नाही. फोनही नाही.’ तीन आठवड्यांनी डावीकडे: ‘त्या रात्री आईला गोमेकॉ इस्पितळात नेलं होतं. आपण विचारलं नाही.’ दोन्ही ओळी समोरासमोर राहतात. पहिली खोडायची नाही, कारण त्या दिवशी तेवढंच ठाऊक होतं आणि राग खरा होता. दुसरी लिहायला जागा नसती तर ती मनातच राहिली असती, आणि दहा वर्षांनी वाचताना मित्र न आलेलाच राहिला असता. बहुतेक रोजनिश्या तक्रारींनी भरतात त्याचं कारण एवढंच. रागाला पेन लगेच सापडतं, समाधानाला झोप येते. जी वही उशिरा सुचलेल्या गोष्टीला आधीच जागा राखून ठेवते, ती लिहिणाऱ्याच्या स्वभावातली ही खोट भरून काढते.

उजव्या पानाचा एक नियम मात्र कडक पाळावा: मित्राला विशेषण लावायचं नाही. माणूस दुसऱ्याचे दोष विशेषणांत लिहितो आणि स्वतःचे कारणांत. दुसरा कंजूष असतो, आपली त्या महिन्यात ओढाताण असते. दुसरा विसराळू, आपल्यामागे कामं. म्हणून ‘कंजूष’ न लिहिता ‘तिघांचं बिल ४८०, त्याने १०० काढले’ असं लिहावं. बोललेलं वाक्य शक्यतो त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच भाषेत, म्हणजे कोंकणीत बोलला असेल तर कोंकणीत. जागा आणि वेळही घालावी. रात्री अकराला टपरीवर निघालेला शब्द आणि सकाळी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून बोललेला शब्द यांचं वजन सारखं नसतं, आणि वर्षभराने ते वजन ठरवायला ही एकच खूण हाताशी राहते.

खाते पानाचा खाना रिकामा सोडू नका. वहीची शेवटची बारा पानं नावांसाठी राखा. माणूस पहिल्यांदा आला की त्याचं नाव तिथे लिहून पुढे पृष्ठ क्रमांक टाका. पुढच्या वेळी तो आला की नोंदीशेजारच्या खाते पानात त्याच्या मागच्या नोंदीचा पृष्ठ क्रमांक लिहा. असं केलं की कुठल्याही पानावरून एका मित्राचा धागा मागे मागे धरत जाता येतं. इथेच रोजमेळ डायरीला मागे टाकतो. तारखेच्या डायरीत दिवस सापडतो, रोजमेळात माणूस सापडतो. अशा धाग्याने चार-पाच नोंदी मागे गेलं की बरेचदा दिसतं की ज्या गोष्टीसाठी आज मित्राला दोष देतो आहोत तीच गोष्ट गेल्या शिमग्यात आपल्याला आवडली होती. परखड बोलतो म्हणून जवळ केलेला मित्र परखड बोलला म्हणूनच लांब होतो.

रुपये-पैशांची दोन घरंही वापरात येतात. आपण फोन केला किंवा भेटायला गेलो तर रुपयांच्या घरात एक काडी, त्याने केला तर पैशांच्या घरात एक काडी. तीन महिन्यांनी पानांच्या तळाशी बेरीज करा. दर वेळी मीच विचारतो, मीच जातो, असं दोन मित्रांपैकी दोघांनाही वाटत असतं, कारण आपण केलेला फोन लक्षात राहतो आणि आलेला फोन विसरतो. मित्र तारवटी असेल, महिनोन्महिने बोटीवर असेल, तर ही बेरीज तीन महिन्यांची न धरता तो निघाल्यापासून परतेपर्यंतची धरावी. बोटीवरच्या माणसाला वेळही वेगळी आणि रेंजही बंदरागणिक, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ गावातल्या माणसाच्या गप्प राहण्यासारखा लावू नये.

उसने पैसेही इथेच लिहा, लपवू नका. दिलेली रक्कम आठवणीत फुगते आणि घेतलेली आटते, त्यामुळे आकडा आणि तारीख त्याच दिवशी कागदावर गेलेली बरी. परत मिळाले की नोंदीवर आडवी रेघ मारून डावीकडे ‘मिळाले’ लिहा. ती रेघ मारायला विसरू नका. परत केलेल्या पैशाची नोंद उघडी राहिली तर चार वर्षांनी वाचताना पुन्हा संशय येतो, आणि तोही चुकीच्या माणसाचा.

गुप्ततेबद्दल विचारणारे बरेच असतात. कुलपाच्या डायऱ्या मिळतात. त्यांची कुलपं इतकी हलकी असतात की केसांच्या पिनेने उघडतात, आणि कुलूप दिसलं की घरातल्या शांत माणसालाही आत काय असेल असं वाटू लागतं. लाल हिशेबाची वही फळीवर पडलेली असली तर तिला कुणी हात लावत नाही. लपवायला याहून साधा उपाय नाही. ज्यांना मोडी येते त्यांनी नाजूक ओळी मोडीत लिहाव्यात. घरात ती वाचणारं आता क्वचितच कुणी असतं, आणि सराव राहतो तो वेगळाच फायदा.

आता कागद. दुकानातच तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे शिवण. वही मधोमध उघडा. तावांचे गठ्ठे दुमडून दोऱ्याने शिवलेले असतील तर गठ्ठ्याच्या मध्यावर दोरा दिसतो आणि वही टेबलावर सपाट पडते. नुसती डिंकाने चिकटवलेली वही गोव्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि मग पावसात टिकत नाही, मधली पानं सुटतात. तारेच्या पिना मारलेली वहीही नको. समुद्राच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात, गंजाचा तांबूस डाग पसरतो आणि त्या जागी कागद कुजून भोक पडतं. स्पायरलच्या वह्यांची तीच गत.

दुसरी गोष्ट तंतूंची दिशा. कागद दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. तंतू पाठीच्या कण्याला समांतर, म्हणजे वरून खाली असतील, तर पान फुगलं तरी सपाट राहतं. आडवे असतील तर कडेला लाटा उठतात आणि जुलैत वही बंदच होत नाही. तपासायला पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवा, आधी उभं, मग आडवं. ज्या बाजूने ते सहज वाकतं, तंतू त्या घडीला समांतर असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे शाई. दुकानदाराची परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहा आणि पान उलटून बघा. रोजमेळाचा कागद साधारण ६० ते ७० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) असतो. बॉलपेनला तो उत्तम, शाईपेनला काठावर पास. इथे शाई मागे उमटणं हा नुसता दिसण्याचा दोष राहत नाही. उजव्या पानाची मागची बाजू हेच पुढच्या जोडीचं डावं पान असतं. आज एकाच्या नावे टाकलेली ओळ उद्या दुसऱ्याच्या जमेवर उमटते आणि वाचताना घोळ होतो. शाईपेनचाच आग्रह असेल तर बारीक निबचं घ्या आणि पावसाळ्याचे चार महिने ते बाजूला ठेवा. ओलसर कागदावर शाई तंतूंतून पसरते, अक्षरांना मिशा फुटतात.

पेनाची निवड थोडक्यात सांगतो. साधं बॉलपेन सर्वांत भरवशाचं, त्याची शाई तेलकट असते आणि वही भिजली तरी अक्षर राहतं. दाबून मात्र लिहू नका, खाली पोस्टकार्ड ठेवा. जेल पेनची बरीचशी शाई पाण्याने फिसकटते. धुता येणारी रॉयल ब्लू शाई तर या कामाला नकोच, एका गळतीत महिना पुसला जातो. पेन्सिल पाण्याला आणि उजेडाला दोन्हीला दाद देत नाही. पण ती खोडता येते, आणि मित्राबद्दल लिहिताना खोडता येणं हाच मोठा मोह असतो, म्हणून डाव्या पानालाही पेनच वापरा.

रोजमेळाचे दोष आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. लाल कापडाचा रंग ओलाव्याने सुटतो. हाताला लागतो, फळीला लागतो, शेजारच्या पुस्तकाला लागतो. विकत आणल्या दिवशीच खाकी कव्हर घालावं, आणि ते चिकटवू नये, नुसतं दुमडून बसवावं. पुठ्ठा बरेचदा मैद्याच्या खळीने चिकटवलेला असतो. कसर त्या खळीवरच येते आणि मग पाठीपासून पानांत शिरते. गावातल्या बाईंडरकडून वही बांधून घेत असाल तर खळीत मोरचूद घालायला सांगा, जुने बाईंडर ते घालतातच. अशी वही हाताळून झाल्यावर हात धुवावेत, मोरचूद विषारी असतं. तिसरा दोष वजनाचा. चार क्वायरची वही पिशवीत घालून फिरता येत नाही. ही वही घरीच राहते आणि बाहेरच्या टिपणांसाठी खिशात छोटी वही लागते.

खरी परीक्षा पावसाची. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. चिऱ्याच्या भिंती पाणी ओढतात, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट हे वहीसाठी सर्वांत वाईट ठिकाण. आतल्या भिंतीजवळ, वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

जून लागायच्या आधी, मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, वही पंख्याखाली उभी करून पानं दोन तास मोकळी करा. मग पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत १०० ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत. नारिंगी जातीचं घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी मीठ असतं. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. रोज लिहायला वही काढता, तेव्हा लिहून झाल्यावर लगेच झाकण लावा. बरेच जण डब्यात नुसत्या डांबराच्या गोळ्या टाकून निर्धास्त होतात. त्या कीटक दूर ठेवतात, ओलावा घेत नाहीत, बुरशी येतेच.

वही भिजलीच तर उन्हात टाकू नका. पुठ्ठा वाकतो आणि पानं एकमेकांना चिकटून वाळतात. वही उभी करा, दर आठ-दहा पानांत टीपकागद घाला, पंखा लावा, टीपकागद दर दोन तासांनी बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. ४८ तासांत वाळणं शक्य दिसत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते, आणि सवड झाली की थोडी थोडी वाळवा. बुरशी आलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत दाबली जाते. वही पूर्ण कोरडी झाल्यावर, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने झाडा.

या हवेत कागद टिकवता येतो याचा पुरावा गोव्यातच आहे. गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झालं, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले प्रमुख. तिथे चारशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत. ते युरोपातून आलेले, चिंध्यांपासून केलेले कागद होते. आजच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदाकडून ती अपेक्षा करू नये, पण कोरडा ठेवला तर तोही एका आयुष्याला सहज पुरतो.

इतर पर्यायांबद्दल. बँका आणि पतसंस्था वाटतात त्या तारखेच्या डायऱ्यांचा कागद अनेकदा रोजमेळापेक्षा चांगला असतो. पण एका दिवसाला एकच पान हे माणसांच्या बाबतीत जमत नाही. जत्रेच्या दिवशी चार पानं लागतात आणि मग आठवडाभर लिहिण्यासारखं काही नसतं. कोरी पानं जाब विचारू लागतात आणि मार्चपर्यंत लिहिणारा डायरीलाच टाळू लागतो. हातकागदाच्या आणि चामडी पुठ्ठ्याच्या वह्या हणजुणच्या बुधवारच्या बाजारात दिसतात, हातात घ्यायला सुरेख. हातकागदावर शाई पसरते, निबमध्ये तंतू अडकतात, आणि चामड्याला पावसात कागदाच्याही आधी बुरशी येते. भेट म्हणून द्या, रोजनिशीसाठी घेऊ नका. फोनवरच्या नोंदी शोधायला सोप्या, ते मान्य. पण तिथे जुनं वाक्य मागमूस न ठेवता पुसून नवं लिहिता येतं, आणि माणूस स्वतः चुकीचा ठरला होता ते वाक्य हटकून पुसतो.

पाच वर्षांच्या डायरीची हौस असलेल्यांसाठी रोजमेळाचाच एक उपयोग सांगण्यासारखा आहे. चार क्वायरची, ३८४ पृष्ठांची वही घ्या. प्रत्येक पृष्ठाला एक तारीख, २९ फेब्रुवारी धरून ३६६. उरलेली १८ नावांच्या सूचीला. पानावर तीस ओळी असतील तर सहा-सहा ओळींचे पाच भाग पाडा, वरचा पहिल्या वर्षाचा. इथे डावं-उजवं असा भेद राहत नाही, पण एकाच तारखेच्या पाच वर्षांच्या नोंदी एकाखाली एक येतात. तिसऱ्या वर्षापासून दिसू लागतं की ठरावीक मित्राशी ठरावीक महिन्यातच बिनसतं. कधी कारण साधं असतं, त्या महिन्यात त्याच्या दुकानाचा हंगाम असतो किंवा आपल्या परीक्षा. आम्ही तरी सुरुवात दोन पानी पद्धतीनेच करायला सांगू.

दोन पानी पद्धतीचं गणित असं. दोन क्वायरच्या १९२ पृष्ठांत सूचीची बारा सोडली तर सुमारे ९० जोड्या राहतात. उजव्या पानावर दोन नोंदी, आठवड्याला तीन, म्हणजे वही ६० आठवडे चालते, वर्षाहून थोडी जास्त. लिहायची वेळ रात्रीची चालेल. डावं पान भरायची वेळ मात्र महिन्याच्या पहिल्या सुट्टीची सकाळ ठेवावी, मागच्या महिन्याच्या नोंदी ओळीने वाचून. रात्री जुन्या नोंदी वाचू नयेत. थकलेला माणूस स्वतःच्याच अक्षरात पुन्हा रागावतो. आणि डाव्या पानावर काही जमा झालं, तर ते मित्राला दाखवायला वही उघडू नका. फोन करा आणि रुपयांच्या घरात काडी मारा.

वही भरली की पाठीवर कागदाची पट्टी लावून सुरुवातीचा आणि शेवटचा महिना लिहा. पुढची वही त्याच मापाची घ्या, म्हणजे डब्यात नीट बसते, आणि सूचीतली अजून चालू असलेली नावं नव्या वहीत उतरवून घ्या, जुन्या वहीचा क्रमांक आणि पृष्ठ देऊन. शिवण सैल झाली तर बाईंडरकडे देताना वही सुतळीने आडवी-उभी बांधून द्या, आणि पुन्हा शिवल्यावर कडा कटरखाली धरू नका असं बजावून सांगा. तो सवयीने तीन बाजू सारख्या करतो, आणि डाव्या पानावरच्या तारखा नेमक्या कडेच्या खान्यात असतात.